पाचव्या साधनाचे उत्तर

टॉर्किल आस्मिल्ड पावणेसहाला उठला. निवृत्त होऊन तीन वर्षे झाली होती, पण ही बातमी त्याच्या शरीरापर्यंत अजून पोचली नव्हती. त्याने खिडकी उघडली, रेडिओ लावला आणि काळ्या पावाचे दोन काप केले. एकावर चीज ठेवले, दुसऱ्यावर कालच्या उकडलेल्या अंड्याच्या चकत्या रचल्या. उत्तरेच्या खाड्यांवर सकाळभर धुके राहील, असे रेडिओवरची बाई सांगत होती. एरवी हवामानाच्या बातम्या त्याच्या कानावरून वाहून जात, कारण त्याच्याकडे नाव नव्हती. गेल्या दोन महिन्यांत मात्र 'धुके' हा शब्द आला की त्याचा हात थबके. आजही सुरी पावात अर्ध्यावर राहिली. दोन पेले कॉफी झाली. बशी धुऊन त्याने पालथी घातली, विजारीचा उजवा पाय सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून चिमटा लावला आणि दप्तरातला लिफाफा जागेवर आहे ना, हे पाहून घेतले. काल रात्रीही त्याने तो पाहिलाच होता.

शुक्रवार होता. विद्यापीठाच्या संगणक विभागात शुक्रवारची न्याहारी सगळ्यांची एकत्र असे आणि पाव आणण्याची पाळी लावलेली असे. निवृत्तीनंतरही त्याने पाळीच्या यादीतून आपले नाव काढू दिले नव्हते. कोपऱ्यावरच्या भट्टीतून त्याने खसखस लावलेले चौदा गरम पाव घेतले, पिशवी हँडलला अडकवली आणि आऱ्हुस शहरातला तो लांबलचक चढ सायकलवरून न उतरता पार केला. अडुसष्टाव्या वर्षी हे जमते, याचा त्याला लहानसा अभिमान होता.

लिफाफ्यात दोन प्रश्न होते आणि त्याने लिहिलेली दोन ओळींची उत्तरे होती. दुपारी तीनच्या आत ती पुलाच्या अपघाताच्या चौकशी समितीकडे जायची होती.

विभागाच्या स्वयंपाकघरात बोडिल टेबलावर लोण्याच्या वाट्या मांडत होती. विभागाची चिटणीस म्हणून तिला छत्तीस वर्षे झाली होती. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यासमोर गटप्रमुख एस्बेन हात कमरेवर ठेवून उभा होता. फळ्यावर सगळ्यांची नावे होती आणि प्रत्येक नावापुढे चुका. ज्याची चूक उघडी पडेल त्याने सगळ्यांना केक खिलवायचा, असा तिथला जुना रिवाज होता. केक खाऊन झाला की त्या चुकीबद्दल पुन्हा कुणी चकार शब्द काढायचा नाही.

"टॉर्किल, तुझ्या नावापुढची ओळ बघ," एस्बेन म्हणाला. "बर्फासारखी कोरी. तू संत आहेस की लबाड?"

"संत असता तर पाव वेळेवर आले नसते," बोडिल म्हणाली. "संतांना घड्याळ नसतं."

"म्हणजे लबाडच."

"त्याच्या चुका या फळ्याहून जुन्या आहेत. आधीच्या फळ्यावर त्याचा एक केक बाकी होता. फळा बदलला, आणि सुटला बिचारा."

सगळे हसले. टॉर्किलही हसला आणि पावाला लोणी लावत राहिला. बोडिल काही मुद्दाम बोलली नव्हती. ती नुसती खरे बोलली होती.

तीस वर्षांपूर्वी याच मजल्यावर त्याने आणि विबेके स्टाउनिंगने मिळून 'टाइस्ट' नावाची संगणकभाषा घडवली होती. टाइस्ट हा उत्तरेच्या समुद्रावरचा एक काळा पक्षी आहे, लाटा कितीही येवोत, आपली जागा सोडत नाही. भाषाही तशीच निघाली. मोठ्या जगात तिचा गाजावाजा झाला नाही, पण दूधसंघांची यंत्रे, बंदरातल्या माल उचलणाऱ्या याऱ्या, उघडझाप करणारे पूल अशा ठिकाणी ती चिवटपणे टिकून राहिली. एकाच वेळी अनेक कामे चालवायची आणि ती एकमेकांत गुंतू द्यायची नाहीत, हा तिचा गुण होता. प्रत्येक काम म्हणजे एक धागा. सप्टेंबरमध्ये भाषेला तीस वर्षे पुरी होत होती. त्यानिमित्त मोठा कार्यक्रम ठरला होता, आणि निमंत्रणावर फोटो त्याचा एकट्याचा होता.

दहा वाजता मारेन ओव्हरगॉर त्याच्या खोलीत आली. ती चौतिशीची होती, उंच, खांद्यावर पाठपिशवी. पहाटेच्या गाडीने उत्तरेकडून आली होती. ओर्नसुंडच्या पुलाचा प्रोग्राम तिने लिहिला होता. एप्रिलमधल्या एका धुक्याच्या सकाळी वर उचललेला तो पूल एका शिडाच्या नावेवर खाली आला. डोलकाठी मोडली, आणि नावेतल्या एकोणऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याचे गळ्याखालचे हाड आणि मनगट मोडले. तेव्हापासून नगरपालिकेने मारेनला कामावरून दूर ठेवले होते. दोष तिचा ठरला, तर नोकरी जाणारच होती, आणि तिच्या धंद्यात त्यानंतर तिच्या हातात पूल कुणी दिला नसता.

"मी तुला भेटायला येतेय हे समितीला कळवलंय," खुर्चीवर बसता बसता ती म्हणाली. "मला तुझ्याकडून काही लिहून नको. फक्त एकदा ज्याने ही भाषा केली त्याच्यासमोर बसून माझा प्रोग्राम वाचायचा होता."

तिने संगणक उघडला. टॉर्किलने चष्मा बदलला.

"हे बघ. पुलाखालून नाव गेली की नाही, हे कॅमेऱ्यातून पाहणारा एक धागा. त्याचं पाहून झालं की तो संपतो. मी त्याच्यासाठी चाळीस सेकंद थांबते. उत्तर 'हो' आलं की पूल खाली. सहा वर्षं, दिवसाला अकरा वेळा, कॅमेऱ्याचं काम बारा सेकंदांत व्हायचं. दुसरा संवेदक त्या आठवड्यात दुरुस्तीला गेला होता, ते प्रकरण वेगळं. त्या दिवशी धुक्यात कॅमेऱ्याला काही दिसेना. चाळीस सेकंद संपले. धागा अजून बघतच होता. आणि मला उत्तर काय आलं?"

"हो," टॉर्किल म्हणाला.

"हो. म्हणजे, 'हो, थांबून झालं.' मी विचारत होते नाव गेली का, आणि तो सांगत होता चाळीस सेकंद गेले."

टॉर्किलने मान हलवली. हे सगळे त्याला डोळे मिटून दिसत होते. टाइस्टमध्ये थांबण्याची पाच साधने होती: कुलूप, घंटा, रांग, मोजणी, आणि खुद्द धागा. पहिल्या चारांना 'अमुक वेळ थांब' म्हटले, तर अपेक्षित गोष्ट घडल्यास ती 'हो' म्हणत आणि वेळ नुसतीच संपल्यास 'नाही'. पाचवे मात्र दोन्ही वेळा 'हो' म्हणे. काम खरोखर झाले की नाही, हे त्याला पुन्हा वेगळे विचारावे लागे.

"माझ्या प्रोग्राममध्ये ही पाचही साधनं आहेत," मारेन म्हणाली. "चार भावंडं खरं बोलतात, म्हणून पाचव्यावरही माणूस विश्वास ठेवतो. मी ठेवला. ते पान मी वाचलं नव्हतं, हे मी समितीला सांगितलंय. खोटं बोलणार नाही."

"मार्गदर्शिकेत ते आहे. पान एकशे सत्त्याऐंशी."

"तळटीपेत."

"तळटीपेत," तो म्हणाला.

"आता पाठ झालीये मला. 'वाट पाहण्याची क्रिया पूर्ण झाली, एवढेच हे साधन सांगते. आणि तेच तर्काला धरून आहे.' हे शेवटचं वाक्य कुणाला उद्देशून आहे? वाचणाऱ्याला तर वाटत नाही. कुणाशी तरी भांडण चालल्यासारखं वाटतं."

टॉर्किलने पेला उचलला. तो रिकामा होता. तरी त्याने तो तोंडाला लावला.

"मी दर बुधवारी म्हाताऱ्याला भेटायला जाते," मारेन संगणक बंद करीत म्हणाली. "आनेर्स त्याचं नाव. तो मला चिडवतो. म्हणतो, चाळीसच्या जागी पन्नास सेकंद लिहिले असतेस, तर माझी काठी वाचली असती आणि तुझी बिस्किटं मला खावी लागली नसती. चांगला माणूस आहे. डाव्या हाताची बोटं अजून मिटत नाहीत त्याची."

ती उठली, कॉफीबद्दल आभार मानले आणि दारात क्षणभर थांबली. "तू काय लिहिलंस ते विचारणार नाही. पण त्या वेळी कुणाच्याच लक्षात आलं नाही का? एवढंच मला कळत नाही."

"खूप वर्षं झाली," टॉर्किल म्हणाला.

ते उत्तर नव्हते, हे दोघांनाही समजले. ती जिना उतरली. खिडकीतून त्याला तिची पाठपिशवी बसथांब्याकडे जाताना दिसली, आणि तो उगाचच ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिला.

मग त्याने कपाटातली खालची फाईल काढली. काय हवे ते शोधावे लागले नाही. चौकोनी कागदावर विबेकेच्या तिरप्या अक्षरात चार ओळी होत्या, तारीख १९९४ च्या मेची: 'टॉर्किल, तुझे पाचवे माझ्या चारांसारखे बोलत नाही. वेळ संपली तरी हो म्हणते. चार ठिकाणी खरे ऐकायची सवय लागलेला माणूस पाचव्या ठिकाणी फसेल, आणि तोही रोज नाही, एखाद्याच दिवशी. छपाईला अजून नऊ दिवस आहेत. केक तुझा.'

चिठ्ठी वाचताच ती बरोबर आहे, हे त्याला उमगले होते. बदल अर्ध्या दिवसाचा होता. पण दुसऱ्या दिवशीच्या बैठकीला लुंडच्या विद्यापीठातून पाहुणे आले होते, आणि विबेकेने हा मुद्दा त्यांच्यासमोर काढला. टॉर्किलचे कान तापले. 'ही चूक नाही, भूमिका आहे,' असे त्याच्या तोंडून निघून गेले, आणि एकदा निघाल्यावर त्या वाक्याची पाठराखण करणे त्याला भाग पडले. गटाचा नियम असा होता की, सगळ्यांचे एकमत झाल्याशिवाय काही बदलायचे नाही. फार चांगला नियम. पण बदल नको असणाऱ्याला तिथे जिंकायला युक्तिवाद लागत नाही, नुसते गप्प बसता आले की पुरते. तो पाऊण तास गप्प बसला. शेवटी विबेके 'ठीक आहे' म्हणाली, इतिवृत्तात 'एकमताने मान्य' अशी नोंद झाली आणि त्याच संध्याकाळी त्याने ती तळटीप लिहिली. वर्षभराने विबेकेने विद्यापीठ सोडले. पुढे तीन वेळा कुणी ना कुणी हे साधन दुरुस्त करण्याचा प्रस्ताव मांडला, आणि तिन्ही वेळा त्याने लेखी हरकत घेतली: जुने प्रोग्राम मोडतील. हे कारण खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते इतकी वर्षे कामी आले.

विबेकेचा नंबर त्याच्याकडे होता. अकरा वर्षांत लावला नव्हता. आता लावला.

"विबेके," पलीकडून तिने आपले नाव सांगितले. मागे कसली तरी खरवड ऐकू येत होती.

"टॉर्किल बोलतोय."

"कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग बरं. थांब, हाताला माती आहे. बागेत आहे मी, नवे बटाटे काढतेय." फोन कुठेतरी ठेवल्याचा, पाणी ओतल्याचा आवाज आला. "हं. बोल."

"ओर्नसुंडच्या पुलाचं वाचलंस?"

"वाचलं. पेपरात नुसतं होतं, यंत्रणा चाळीस सेकंद थांबली आणि मग पूल खाली आला. मला तेवढं पुरलं."

"मग मला फोन का नाही केलास?"

"मी चिठ्ठी पाठवली होती की. उत्तराचीच वाट बघत होते." ती हसली, पण थोडेच. "किती जणांना लागलंय?"

"एकाला. ज्या मुलीने प्रोग्राम लिहिला तिच्यावर आलंय सगळं. समितीने मला विचारलंय. ही गोष्ट मार्गदर्शिकेत आहे का, आणि जाणकाराला ती माहीत असायला हवी का?"

"आणि तू लिहिलंस हो आणि हो."

टॉर्किलने दप्तरातल्या लिफाफ्याकडे पाहिले.

"तुझं पाचवं साधन तुझ्यावरच गेलंय, टॉर्किल. काहीही विचारा, हो."

"इतिवृत्तात आहे, विबेके. तू ठीक आहे म्हणालीस," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला स्वतःच्या आवाजाची लाज वाटली.

"म्हणाले ना. पाऊण तास मी बोलत होते आणि तू खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघत होतास. पाच वाजता पाळणाघर बंद व्हायचं, आणि माझी मुलगी तिथे शेवटची उरलेली असायची. ते 'ठीक आहे' म्हणजे होकार नव्हता. माझी वेळ संपली होती."

"मला वाटलं, तुला पटलं."

"नाही वाटलं तुला. माहीत होतं तुला."

टेबलावर ती चौकोनी चिठ्ठी होती. टॉर्किलने तिचा दुमडलेला कोपरा अंगठ्याने सरळ केला. तो पुन्हा दुमडला.

"हो," तो म्हणाला. "माहीत होतं. मला माफ कर."

"ते ठेव बाजूला. माझं काय वाईट झालं? रीब गावच्या शाळेत पंचवीस वर्षं गणित शिकवलं, पोरं गुणी होती. वाईट वाटायचं ते एवढंच की, ती चार साधनं मी केली होती आणि आपल्या त्या भाषेची मजा मला पुढे कधी वाटली नाही." मग ती म्हणाली, "त्या मुलीचं बघ. माझ्याकडे वेळ घालवू नकोस."

"तुझी चिठ्ठी समितीला पाठवली तर चालेल?"

"तुला लिहिलेली आहे, तुझी आहे. तीस वर्षं जपलीस, हेच नवल. फेकून का नाही दिलीस?"

"माहीत नाही."

"असो. तुझा केक बाकी आहे, हे बोडिलला माहीत आहे ना अजून?"

"आज सकाळीच बोलली."

"शाबास. ठेवते आता, बटाटे उन्हात पडलेत."

फोन बंद झाला. विबेकेने त्याला माफ केले नव्हते आणि झिडकारलेही नव्हते. बटाट्यांइतकी तरी त्याची दखल घेतली होती. यापेक्षा अधिक मागण्याचा हक्क तीस वर्षांत त्याने मिळवला नव्हता. तिने विद्यापीठ सोडले त्या दिवशी जिन्यात ती त्याला भेटली होती, हातात खोके, खोक्यात एक कुंडी. त्याने दार धरून ठेवले होते. तेवढेच. 'तू बरोबर आहेस' हे एक वाक्य तेव्हा बोलला असता, तर एका म्हाताऱ्या नावाड्याची बोटे आज मिटली असती. ते आता कोणत्याही पत्राने होणार नव्हते.

सव्वा वाजता त्याने लिफाफ्यातला कागद फाडला आणि नवे पत्र लिहायला घेतले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तेच ठेवले: हो, पान १८७, तळटीप. दुसऱ्याखाली लिहिले: नाही.

त्यापुढचे लिहायला तास लागला, कारण त्याला एकही वाक्य स्वतःची बाजू घेणारे नको होते, आणि पहिल्या मसुद्यात तशी सात निघाली. त्याने ती एकेक करून खोडली. उरले ते असे: एका प्रकारची पाच साधने एकाच रीतीने बोलतील, असे धरून चालणे हा निष्काळजीपणा नव्हे, साधने वापरणाऱ्याला दुसरा मार्ग नसतो. पाचवे साधन मी केले. ते इतरांशी विसंगत आहे आणि त्यातून नेमका असा अपघात होईल, हे माझ्या सहकारी विबेके स्टाउनिंग यांनी छपाईपूर्वी नऊ दिवस मला लेखी कळवले होते. त्यांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. त्या बरोबर आहेत, हे मला त्याच दिवशी कळले होते. तळटीप मी वाचकासाठी लिहिली नाही. नंतरच्या तिन्ही दुरुस्त्या माझ्या हरकतीमुळे अडल्या. श्रीमती ओव्हरगॉर यांच्या प्रोग्राममध्ये जो दोष आहे, तो त्यांच्या हाती माझ्याकडून आला.

हे पत्र गेल्यावर सप्टेंबरचा कार्यक्रम तसा होणार नाही, हे त्याला दिसत होते. याऱ्या आणि पूल चालवणाऱ्या साऱ्या कचेऱ्यांतून फोन येतील, आणि त्यातले काही एस्बेनला घ्यावे लागतील. त्याबद्दल त्याला आधीच ओशाळवाणे वाटले. त्याने पत्र एकदा वाचले, दुसऱ्यांदा वाचले नाही. चिठ्ठीची प्रत काढून जोडली, आणि तीनला वीस मिनिटे कमी असताना ते समितीकडे रवाना केले. त्यापाठोपाठ भाषेच्या दुरुस्ती मंडळाला एका ओळीचे पत्र गेले: पाचव्या साधनाबाबतची माझी हरकत मी मागे घेत आहे.

स्वयंपाकघरात कुणी नव्हते. टेबलावर चुरा होता आणि खसखशीचा एक पाव उरला होता. टॉर्किलने ओल्या फडक्याने टेबल पुसले. मग फळ्याजवळ जाऊन निळा पेन उघडला आणि आपल्या नावापुढच्या कोऱ्या ओळीत लिहिले: 'टाइस्ट, पाचवे साधन. मे १९९४.'

पेन जागेवर ठेवून त्याने विजारीला चिमटा लावला, सायकल काढली आणि उताराने खाली निघाला. वाटेत दुकानापाशी थांबून त्याने मैदा, लोणी, यीस्ट आणि अर्धा किलो तपकिरी साखर घेतली. चौदा जणांच्या केकला पुरेल का, असे दुकानदारणीला विचारून साखरेचा आणखी एक पुडा घेतला आणि दोन्ही पुडे नीट दप्तरात, सकाळी लिफाफा होता त्या कप्प्यात ठेवले.